स्वस्तातल्या बॉक्समधली बैठक

सौदीत नोकऱ्या स्थानिकांनाच देण्याच्या, सौदीकरणाच्या लाटेत दुकानात मुझम्मिलच्या जागी स्थानिक माणूस नेमला गेला, तेव्हा काटकसर म्हणून मुझम्मिलने घरची केबल बंद करून टीव्हीला इंटरनेटवर चालणारा स्वस्तातला बॉक्स जोडला.

पडद्यावर एकच दृश्य उमटले: खमीस मुशैत शहरातली त्यांचीच बैठकीची खोली आणि सोफ्यावर त्याची पत्नी तस्नीम. प्रत्यक्षात तिच्या शेजारीच बसलेला मुझम्मिल मात्र पडद्यावर नव्हता.

"इथूनही काढलं मला!" त्याने संतापाने रिमोट आपटला.

"रिमोटचा काय गुन्हा? बॉक्स परत करा जा," तस्नीम हसली.

त्याने त्वेषाने वायर उपटली. दृश्य विझले नाही. फक्त त्यातली तस्नीम हसायची थांबली.

तो वळला. परपुरुषासमोर घ्यावी तशी तस्नीमने लगबगीने ओढणी डोक्यावर घेतली आणि आतल्या खोलीकडे पाहून हाक मारली,

"अहो, बाहेर या जरा. कोणीतरी आलंय."