मोहाखाली

जंगूने हात वर केला आणि हरिदासने जीप थांबवली.

"इंजिन बंद करा भाऊ."

एप्रिलची सकाळ होती. आठ वाजले असतील. पाने गळून जंगल उघडे पडले होते. खाली नाल्याकडे एक वानर खोकल्यासारखे ओरडले. थांबले. पुन्हा ओरडले.

हरिदासने मागे वळून बायकोकडे, कांताकडे, पाहिले. आरमोरीहून मित्राची जीप मागून आणली होती, बँकेतून दोन दिवसांची रजा काढली होती, आणि पहाटेपासून दोन सांबरे आणि एक मोर एवढेच पदरात पडले होते. एके ठिकाणी वाटेच्या धुळीत या वाटाड्याने, जंगूने, वाघाच्या पंजाचा शिळा ठसा दाखवला, तेव्हा हरिदासने त्याच्याशेजारी आगपेटी ठेवून फोटो काढला होता. किती मोठा ते कळावे म्हणून.

"वाघ?" तो कुजबुजला.

जंगू नाल्याकडे कान लावून होता.

"आमी वाघ दिसू नये म्हनून बोंबलत जावो रानात," मागून हरिदासची आई बायनाबाई म्हणाली. "आन् हे पोट्टे..."

"आई, चूप राह्य ना!"

सकाळपासून तिला हे कितीदा ऐकावे लागले होते. जंगूनेही दोनदा सांगितले होते, बाई, इथी बोलाचं नाई. जंगलाच्या नाक्यावरच्या माणसाने तर बजावलेच होते. आवाज नको, आणि हॉर्न मुळीच नको.

वानर पुन्हा ओरडले. आता दोन होती. जंगू उठून उभा राहिला. समोरच्या काचेची चौकट त्याने घट्ट धरली होती.

"तिकडं रस्ता जाते का?" हरिदासने विचारले.

"जाते."

"मंग जाऊ ना! थांबवली काऊन?"

"तिथी आमचं मोहाचं झाड आहे," जंगू म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की हरिदासला पुढे वाकावे लागले. "मायी बायको फुलं वेचून राह्यली. रोज मायी बहीन राह्यते संगं. आज तिले ताप आहे."

"एकटी?" बायनाबाईने विचारले.

"हो बाई."

बायनाबाई जागेवर पुढे सरकली. मोह वाकूनच वेचावा लागतो, आणि वाकलेले माणूस वाघाला दुरून चार पायांचे जनावर दिसते. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

हरिदासने जीप उतारावर घेतली. सकाळभर शिकवल्याप्रमाणे हळू, आवाज न करता. जंगूने आडवा हात घातला आणि हॉर्न दाबला.

"अरे! तुझं काम जाईल ना!"

"जाऊ द्या. दाबून धरा भाऊ. सोडू नोका."

त्या उघड्या रानात हॉर्न भयंकर वाजला. मग जंगूने खूण करून तो थांबवला आणि तोंडाला दोन्ही हात लावून हाक दिली. "कूऽऽ!" वेचणाऱ्या बाया या झाडावरून त्या झाडाला अशीच हाक देतात. हाकेला हाक यायलाच हवी.

आली नाही.

"सोनेऽ! ए सोनेऽ!"

"कूऽऽ!" मागून बायनाबाई ओरडली. तिचा आवाज पातळ होता, पण हाक बरोबर होती. कांता जीपच्या पत्र्यावर मुठी आपटू लागली. हरिदासने पुन्हा हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. हात काढला तेव्हा वानरेही ओरडायची थांबली होती. ते जास्त वाईट होते; वाघ कुठे आहे ते आता कळत नव्हते.

वळणावर झाड आले. बुडाशी पालापाचोळा जाळून जागा साफ केलेली होती, आणि त्या काळ्या राखेवर फिकट पिवळी फुले पडली होती. टोपली अर्धी भरलेली. शेजारी कोणी नव्हते.

जंगू चालत्या जीपमधून उतरला.

सोनीबाई खोडाच्या पलीकडे होती. पाठ खोडाला चिकटवून उभी. दोन्ही मुठी आवळलेल्या.

"ओ काऊन नाई देली वं?" जंगूने विचारले.

तिने तोंड उघडले. आवाज निघाला नाही. बायनाबाईने उतरून तिची एक मूठ हातात घेतली आणि एकेक बोट सोडवले. चेंगरलेल्या फुलांचा रस बोटांतून मनगटापर्यंत ओघळला.

हरिदास टोपलीपाशी उभा होता. राखेत सोनीबाईच्या अनवाणी पावलांचे ठसे झाडाभोवती फिरत गेले होते. त्यातल्या एका पावलावर, टाचेवरच, दुसरा ठसा होता. गोल, रुंद. त्यात तीन फुले दबली होती आणि अजून ओली होती. त्याचा हात सवयीने खिशातल्या आगपेटीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"कांता, उतर खाली," बायनाबाई म्हणाली. ती राखेत बसून वेचायलाही लागली होती. "हात लावा साऱ्याईनं. तिले घरी जाऊ द्या लवकर." आणि ती मोठमोठ्याने बोलू लागली. स्वतःच्या लग्नातल्या भाताबद्दल, व्याह्याच्या बहिरेपणाबद्दल, काहीही. तिला कोणी चूप म्हटले नाही. ती श्वास घ्यायला थांबली की कांता घाईघाईने काहीतरी विचारायची.

टोपली भरली. जंगूने ती उचलून बायकोच्या डोक्यावर ठेवली. सोनीबाईने जीपकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. तिला आता कुठे आवाज फुटला.

"उद्या कोनाची गाडी आनसान?"

जंगूने वर पाहिले. झाडावर अजून पंधरा दिवसांची फुले होती.