वाकड्या रेषा

लेकीने विमानाच्या मॉडेलवर, पत्र्यांच्या सांध्यांच्या खाचांवरून रंग फवारणाऱ्या एअरब्रशने काळ्या रेषा मारून ठेवल्या होत्या. आता वरून राखाडी रंग द्यायचा, पण इतका पातळ की खालच्या रेषा अंधूक दिसत राहाव्यात. ते काम बापाचं.

त्याने रंगात थिनर घातलं. तरी धीर होईना, म्हणून आणखी घातलं.

"अहो, किती पातळ कराल? नुसतं पाणी झालंय त्याचं," बायको म्हणाली.

"तिच्या रेषा बुजायला नकोत गं."

त्याने एअरब्रशचा चाप दाबला. राखाडी रंग पंखावर धरलाच नाही; उलट थिनरने खालचा काळा सुटला आणि ओघळून टेबलावर आला. पंख पुसून, वाळवून त्याने घाईघाईने काळा रंग भरला आणि रेषा पुन्हा मारल्या. सरळ, सुबक आल्या.

"आल्या की! होत्या त्याहून छान," बायको म्हणाली.

त्याने त्या पुसून टाकल्या. पुन्हा मारल्या, पुन्हा पुसल्या. मग एअरब्रश खाली ठेवून रडकुंडीला येऊन म्हणाला,

"शेवटी शेवटी तिचा हात थरथरायचा ना... तशा वाकड्या येतच नाहीयेत गं मला."