दुसऱ्या सिनेमाची गोष्ट

पडद्यावर पहिला खून झाला तेव्हा हॉलमधल्या सगळ्या आया हसल्या. त्या प्रेमकथा बघायला आल्या होत्या.

बुधवारी सकाळचा खेळ तान्ह्या बाळांच्या आयांचा. दिवे निम्मे चालू, आवाज बारीक, बाबागाड्या पुढे रांगेत. प्रत्येकीने घरून काहीतरी खायला करून आणायचं. हॉल गावाचा, यंत्र गावाचं, आणि सिनेमा मागवायचं काम पाळीपाळीने गावातलंच कुणीतरी करायचं. या खेपेला पाळी नाइरीमावशींची होती. त्यांनी फोनवर फक्त नाव सांगितलं, ‘दिवा लागेपर्यंत’. त्या नावाचे दोन सिनेमे आहेत, एक प्रेमाचा आणि एक खुनाचा, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मावशी ओशाळून यंत्र बंद करायला उठल्या, तर मागून मेरेहाना म्हणाली, “राहू दे मावशी. पोरं झोपलीत. आणि माझ्या घरी तरी कुठे प्रेमाचा खेळ चालू आहे?”

पुन्हा हशा पिकला. टॅमसिन हसली नाही. तिने मांडीवरच्या विनीचं पांघरूण सारखं केलं, मग उगाचच पुन्हा सारखं केलं.

बाहेर रस्त्यापलीकडे तिच्या नवऱ्याची, ग्लेनची गाडी उभी होती. दर बुधवारी असायची. तो बायकोला सोडायचा आणि खेळ संपेपर्यंत तिथेच बसून राहायचा. बाकीच्या तिला चिडवायच्या, आमचे तर न्यायलाही विसरतात, तुझं नशीब बघ. घरी जाताना तो सिनेमाची गोष्ट विचारायचा. सुरुवातीला तिला ते आवडलं होतं. दिवसभर दूध आणि लंगोट करणाऱ्या बाईला कोण विचारतं, काय पाहिलंस म्हणून? मग कळलं, गोष्ट तो आधीच वाचून ठेवतो. मागच्या महिन्यात विनी रडायला लागली आणि ती तिला घेऊन हॉलमागच्या स्वयंपाकघरात फेऱ्या मारत राहिली. शेवटी नायिका कुणाबरोबर गेली ते तिला सांगता आलं नाही. आत कोण भेटतं तुला, एवढंच त्याने शांतपणे विचारलं. घरी गेल्यावर विनीला छातीशी धरून ती न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून बसली होती. दार बाहेरून हादरत होतं.

आज तिला न पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट घेऊन घरी जायचं होतं. चूक यंत्राची, मावशींची, कुणाचीही असो, तो मानणार नव्हता.

पडद्यावरचा माणूस रोज संध्याकाळी एका बाईच्या घरासमोर उभा राहायचा, तिच्या खिडकीत दिवा लागेपर्यंत. ती घरीच आहे याची खात्री झाली की मगच हलायचा. शेवटच्या दिवशी त्या बाईने दिवा लावला, खिडकीतल्या खुर्चीवर आपला कोट पसरला आणि मागच्या दाराने निघून गेली. तो कोटाकडे बघत उभाच राहिला. आयांनी टाळ्या वाजवल्या. दोन बाळं जागी झाली.

चीजचे स्कोन आणि चहा सुरू झाला तशी टॅमसिन मावशींच्या शेजारी येऊन बसली. तो दुसरा तुम्ही पाहिलाय का, तिने विचारलं. पाहिलाय म्हणजे काय, मावशी म्हणाल्या, होकिटिकाला बहिणीबरोबर, दोघी हमसून रडलो होतो.

“मग सांगा ना. सगळा. तिने काय घातलं होतं तेसुद्धा.”

मावशींची कळी खुलली. त्या रंगून सांगू लागल्या. तो तिला बोटीवर बघतो, निळ्या झग्यात. तिचं घर शोधून काढतो. रोज समोर उभा राहतो, दिवा लागेपर्यंत. तिच्या कामाच्या वेळा दुकानदाराकडून काढून घेतो. ती दुसऱ्या गावी जाते, तर तो तिच्या आधी तिथे हजर. मैत्रिणी नावं ठेवतात, तर तो एकेकीला बाजूला करतो. मी आहे ना तुला, म्हणतो. निळा झगा, बोट, दुकानदार, टॅमसिन ओठांतल्या ओठांत पाठ करत होती. मग तिचे ओठ थांबले.

“यात खून कधी होतो, मावशी?”

मावशींचा कप हातातच राहिला. “यात खून नाही गं,” त्या म्हणाल्या. “यात लग्न होतं.”

बोलून झाल्यावर मावशींनी तिच्याकडे पाहिलं, मग काचेच्या दारातून रस्त्यापलीकडच्या गाडीकडे. तुझी बहीण नेल्सनला असते ना, एवढं म्हणाल्या. टॅमसिनने मान हलवली.

“माझी गाडी मागे आहे, स्वयंपाकघराच्या दाराशी,” मावशी हळूच म्हणाल्या. “नातीची छोटी खुर्ची आत लावलेलीच आहे. विनी मावेल तिच्यात.”

बाहेर भरदुपारी अंधारून आलं होतं. टॅमसिनने विनीला मेरेहानाच्या हातात दिलं. मेरेहाना बाळाला घेऊन सरळ स्वयंपाकघराकडे चालू लागली. ती कुठे आहे ते ग्लेन ज्यावरून बघायचा, तो आपला फोन टॅमसिनने बाबागाडीतल्या पांघरुणाखाली सरकवला, रिकामी गाडी ढकलत काचेच्या दारापाशी नेली, रस्त्यावरून नीट दिसेल अशी उभी केली, आणि दारावरचा दिवा लावला.