दहा मिनिटांची भीती

सौदा प्रभाकररावांच्या फायद्याचाच होता. सहा वर्षांपूर्वी पाळलेल्या भुंग्या या कुत्र्याच्या मनातली भीती दहा मिनिटं आपल्या डोक्यात घ्यायची. तेवढ्या वेळात कुत्रा गप्प राहणार, डॉक्टरीणबाईंची बोटं वाचणार आणि त्याच्या मानेवरचं गळू फुटणार. आज फुटलं नाही, तर विष रक्तात जाणार होतं.

“काका, हा तिघांना चावलाय. घाबराल हं,” त्यांच्या कपाळाला यंत्राचा पट्टा बांधत बाई म्हणाल्या.

“मी? उभ्या जन्मात नाही!”

यंत्र सुरू होताच गुरगुरणारा भुंग्या मऊ पडला आणि प्रभाकररावांची छाती धडधडू लागली. त्यांनी सुईकडे पाहिलं. धडधड वाढली नाही. कात्रीकडे पाहिलं, तरीही नाही. घाम पुसायला त्यांनी आपला अंगठीवाला उजवा हात उचलला मात्र, तो हात पाहूनच ते किंचाळत टेबलाखाली शिरले.

गळू फुटलं. दहा मिनिटांची किंमत प्रभाकररावांनी मोजली. त्याआधीच्या सहा वर्षांची भुंग्याच मोजत आला होता.