ते गाडीचं सोडून

देवचंदने टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलं आणि आईसमोर माइक धरला.

"हं, बोल माय. कमलचं सांग."

द्रौपदाबाईंनी पदर सारखा केला. यंत्राकडे बघत त्या सावकाश, शाळेतल्या बाईंसारखं बोलू लागल्या. "माझी मुलगी कमल. ती बाळंतपणासाठी माहेरी आली होती…"

देवचंदने बटण बंद केलं.

"असं नाही. तू रोज बोलते तसं बोल. तिथं त्यालाच किंमत आहे."

तिथं म्हणजे इंग्लंडमध्ये. यावलजवळच्या या केळीच्या गावातून शिष्यवृत्तीवर तिकडे गेलेला तो पहिलाच. हे त्याचं तिसरं वर्ष. बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांवर त्याला प्रबंध लिहायचा होता. पहिल्या वर्षी वर्गात बहिणीविषयी बोलायला उभा राहिला, तेव्हा त्याला रडू आवरलं नव्हतं. प्राध्यापकांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाले, हे न रडता सांगता येईल त्या दिवशी तुझा अभ्यास सुरू होईल. आता त्याला ते जमत होतं.

बटण पुन्हा दाबलं गेलं.

"पहाटपासून तिले कळा सुरू झाल्या," द्रौपदाबाई म्हणाल्या. "सुंदरबाई दाईले बलावलं. ती म्हने, पोर आडवं हाये, दवाखान्यात न्या. कमल म्हने, माय, मले पानी दे. मी पानी देल्लं, ते बी तिच्या पोटात राह्यलं नही…"

पुढे शब्द फुटेना. देवचंदने पाण्याचा पेला पुढे केला. मग घड्याळाकडे बघितलं आणि वहीत लिहिलं, शांतता, चौदा सेकंद.

ओट्यावर बसलेले तोताराम, त्याचे वडील, आत न बघताच म्हणाले, "पोरगी एकदाच मेली ना रे. तू तिले किती खेपा मारशीन?"

"आबा, टेप चालू आहे," देवचंद म्हणाला. मग आईकडे वळला. "दवाखान्यात नेलं नाही. गावात गाडी मिळाली नाही, म्हणून ना?"

"घरचीच बैलगाडी व्हती की."

"मग?"

द्रौपदाबाईंनी ओट्याकडे बघितलं. मग मुलाकडे.

"तुही बारावीची परीक्षा व्हती ना. त्या दिवशी पेपर. तू म्हने, सायकल नको, गाडीत बसून वाचता येईन. तुहे आबा तुले घेऊन यावलले गेले. कमलले माहीत व्हतं. तू दारातून निघेपरेंत तिनं तोंडात पदराचा बोळा धरला, आवाज केला नही. म्हने, त्याचं ध्यान पेपरात राहू दे. मले वाटलं, आबा तुले सोडून लगेच येतीन. पन तूच त्याहिले म्हने, पेपर सुटेपरेंत इथीच थांबा. गाडी आली तवा दिवस कलला व्हता."

"द्रौपदा!" तोताराम बाहेरून ओरडले. "सांगू नको म्हनलं व्हतं ना!"

टेप फिरत होती. देवचंदला ती सकाळ आठवली. मांडीवर भौतिकशास्त्राचं पुस्तक, केळीच्या बागांमधून येणारा गार वारा. पेपर सुटल्यावर त्याने आबांना मुद्दाम बाजारातून चक्कर मारायला लावली होती. पेपर चांगला गेला होता. त्याच मार्कांवर शिष्यवृत्ती मिळाली होती.

माय त्याच्याकडे बघत होती. तिने हात पुढे केला, त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"तुहा काय दोष बापा? तुले कोठी माहीत व्हतं?"

त्याने गुडघा बाजूला घेतला. बटण बंद केलं. टेप मागे घेतली. आईचाच आवाज चिमणीसारखा चिरकत उलटा धावला. बरोबर जागा सापडेपर्यंत तो दोनदा थांबला, ऐकलं, आणखी थोडी मागे घेतली.

"माय, पुन्हा सांग. दाई दवाखान्यात न्या म्हणाली, तिथून पुढं. ते गाडीचं सोडून."

"काही चुकलं का माह्यं?"

"नाही. त्याचा अभ्यासाशी संबंध नाही."

"पन लोकं इचारतीन ना, नेलं काहून नही? मंग काय सांगू?"

देवचंद नुसतं वहीचं पान उलटत राहिला. ओट्यावरून तोताराम उठले, चपला न घालताच बागेच्या वाटेला लागले.

लाल बटण दाबलं गेलं.

द्रौपदाबाईंनी पुन्हा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "गाडी दारातच व्हती. बैलं जुपेल व्हते. सुंदरबाई म्हने न्या, पन मीच म्हनलं, थांबा. मले काय समजते? मीच नेऊ देल्लं नही तिले."

आवाज बारीक येत होता. देवचंदने माइक तिच्या तोंडाजवळ सरकवला आणि जरा मोठ्याने बोल, अशी हाताने खूण केली.