सॉरी, नेब्रास्का

“आलाय तो,” नगराध्यक्ष ऑर्व्हिल टेश पुटपुटला, तशी चर्चच्या आवारातली बडबड थांबली. बायकांनी केक कापायच्या सुऱ्या खाली ठेवल्या.

गाडीतून उतरलेला साठीचा माणूस वेंडेल प्रुइट होता. ज्या एमस प्रुइटला या गावानं घोडाचोर म्हणून फासावर लटकवलं, त्याचा नातू.

ती गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. एमसला संध्याकाळी लटकवलं आणि उजाडताना चोरीला गेलेला घोडा आपल्या पायांनी परत येऊन मालकाच्या अंगणात उभा राहिला. गाव हादरलं. आपलं पाप विसरायला होऊ नये म्हणून गावानं आपलं जुनं नाव टाकून ‘सॉरी’ हे नाव घेतलं. आजूबाजूचे हसायचे. गाव मात्र दरवर्षी या दिवशी जाहीर माफी मागायचं. ती ऐकायला प्रुइटांपैकी कुणी कधी आलं नव्हतं.

ऑर्व्हिलनं पाहुण्याला बाजूला घेतलं. “बोलायचंय म्हणून कळवलंत. काय बोलणार?”

“जे आहे ते.”

“आम्हाला हव्या तेवढ्या शिव्या घाला. पण व्हर्ना आजीसमोर नको. म्हातारीच्या काळजाला आता सोसायचं नाही.”

“मी त्यांच्यासाठीच आलोय.”

ऑर्व्हिल आडवा आला. पण तोवर चाकांच्या खुर्चीत बसलेली व्हर्ना स्वतःच चाकं फिरवत पुढे आली होती.

“घोडा आमचा होता,” ती म्हणाली. “मी सहा वर्षांची. ‘ह्यानंच नेला, मी पाहिलं,’ असं मीच बोट दाखवून सांगितलं. पोरीच्या शब्दावर माणूस गेला रे बाबा! पुढं माझ्या डोळ्यांवर मी कधी भरवसा ठेवला नाही. लग्नाचं विचारायला आला तो चांगला दिसत होता, त्यालाही नाही म्हटलं.”

तिनं खुर्ची आणखी पुढे सरकवली.

“माफ कर म्हणत नाही,” व्हर्ना म्हणाली. “मनात असेल ते एकदा तोंडावर बोल, म्हणजे सुटेन मी.”

वेंडेलनं टोपी काढली. ऑर्व्हिलनं डोळे मिटून घेतले. वेंडेल तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि त्यानं तिचे दोन्ही हात धरले.

“आजी, तुम्ही बरोबर पाहिलंत,” तो म्हणाला. “घोडा आजोबांनीच चोरला होता, त्यांना वाचवायला माझी आजी तो रातोरात परत घेऊन आली, फक्त तिला उशीर झाला.”