म्हाताऱ्या झाडांची वाढ

"तीनशे अठ्ठेचाळीस," बाबांनी टेपवरचा आकडा वाचला आणि लेकीने तो वहीत उतरवला.

नकाशावाल्या बाई मान वर करून शेंड्याकडे बघतच राहिल्या. "काका, म्हणजे मागच्या वेळेपेक्षा पुन्हा सहा सेंटिमीटर जास्त?"

"जास्तच असणार. खातंपितं झाड आहे," बाबा म्हणाले.

देशातल्या कोणत्या जंगलात किती कार्बन साठलाय, याचा नकाशा बाई करत होत्या. उपग्रहाला वरून शेंडे दिसतात, बुंध्याचा घेर दिसत नाही. तो कुणीतरी जमिनीवर उभं राहून मोजावाच लागतो. या जंगलात ते काम तीस वर्षं बाबांकडे होतं. दर पाच वर्षांनी तीच चाळीस झाडं. एवढी जुनी झाडं वाढायची थांबतात, असं सगळे म्हणत. बाबांच्या वहीत मात्र त्यांचा घेर वाढतच होता, आणि घेर वाढला म्हणजे लाकडात कोंडलेला कार्बनही वाढला.

उद्या बैठक होती. हे जंगल अजून कार्बन साठवतंय असं सिद्ध झालं, तर इथली ठरलेली झाडतोड रद्द होणार होती. नाहीतर महिन्याभरात करवती येणार होत्या.

"बुंध्यावर रंगाची खूण नाही केलीत?" बाईंनी विचारलं.

"झाडाच्या अंगाला काही फासलेलं मला खपत नाही. नियम साधा आहे, छातीच्या उंचीवर मोजायचं. टेप शर्टाच्या दुसऱ्या बटणासमोर धरायची. तीस वर्षांत एकदाही चुकलो नाही."

"स्वतःचा वाढदिवस विसरतील, पण बटण नाही," लेक हसून म्हणाली. बाबांच्या पाठीला आता चांगलाच बाक आला होता, तरी रानात तिचा हात धरायला ते तयार नसत.

तिने खाली मुळाशी रुंद होत पसरत गेलेल्या बुंध्याला तळवा लावला. कित्येक पिढ्या आल्या नि गेल्या, आणि हे झाड अजून गुपचूप हवेतून काहीतरी आत घेऊन ठेवत होतं. तिला भरून आलं. एवढ्या मोठ्या कामापुढे आपण केवढेसे, असं वाटलं, आणि तसं वाटून बरंही वाटलं.

"काका, बैठकीत दाखवायला एक फोटो हवाय," बाई म्हणाल्या. "टेप लावूनच. फक्त जरा ताठ उभे राहा."

लेकीने त्यांच्या कमरेला हात दिला. बाबा कण्हत कण्हत सरळ झाले आणि सवयीप्रमाणे त्यांनी टेप सैल करून पुन्हा दुसऱ्या बटणासमोर आणली. मागच्या बाजूने लेकीनेही ती वर सरकवली, चांगली दीड वीत. फोटो निघाला.

तिने टेपवरचा आकडा पाहिला. वहीचं पहिलं पान उघडलं. तीस वर्षांपूर्वी ताठ पाठीच्या बाबांनी याच झाडापुढे ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, तीनशे बारा.

टेपवरही तीनशे बाराच होते.